आयर्लंड: सरकारी हॉटेलातून युक्रेनी कुटुंबं हलवतात तेव्हा नेमकं काय काय हलतं?

लिफीकाठ:
सरकारी खर्चाने हॉटेलात, गेस्टहाऊसमध्ये, विद्यार्थी वसतिगृहात ठेवलेल्या युक्रेनी कुटुंबांना दुसरीकडे हलवण्याचं काम आयर्लंडमध्ये २०२२ पासून चालू आहे. इथल्या मराठी मंडळींपैकी कोणी या लोकांना अर्ज भरायला मदत करतं, कोणाची खोली किंवा घर रिकामं आहे, कोणी शाळेत-दवाखान्यात नोकरीला आहे. प्रत्येकाकडे अर्धी माहिती आणि व्हॉट्सॲपवर पाऊण अफवा. म्हणून हा धागा.

पाया एवढाच: ४ मार्च २०२२ ला युरोपीय संघाने २००१ चा तात्पुरत्या संरक्षणाचा निर्देश पहिल्यांदाच वापरात आणला. आयर्लंडमध्ये तो २०१५ च्या आंतरराष्ट्रीय संरक्षण कायद्याच्या कलम ६० खाली चालतो. मुदत वाढत वाढत ४ मार्च २०२७ पर्यंत आली आहे. आश्रयाचा वेगळा अर्ज लागत नाही, नोकरी लगेच करता येते. निवाऱ्याची सोय करू असं सरकार म्हणतं, पण कुठल्या गावात, किती दिवस एकाच जागी, याची हमी नाही. गोची तिथेच आहे.

तीन गोष्टी विचारतोय. कोणाला कधी हलवतात? नोटीस आली की पहिल्या आठवड्यात काय करायचं? आणि स्वतःहून बाहेर पडायचं ठरवलं तर हिशेब कसा बसतो?

पत्रावळ:
पहिल्या प्रश्नाचं उत्तर: माणसं हलतात ती करारामुळे. सरकारने हॉटेलमालकाशी ठरावीक मुदतीचा करार केलेला असतो. मुदत संपली आणि मालकाला पुन्हा पर्यटक घ्यायचे असतील, अग्निसुरक्षेची तपासणी अडली असेल, किंवा निवाऱ्याचं काम बघणाऱ्या सरकारी खात्यालाच खाटा कमी करायच्या असतील, तर अख्खी इमारत रिकामी होते. आत राहणाऱ्यांनी काही चूक केली म्हणून नव्हे. हे घाबरलेल्या माणसाला आधी सांगा, कारण बहुतेकांना वाटतं की आपल्याविरुद्ध कोणीतरी तक्रार केली.

विद्यार्थी वसतिगृहांचं तर कॅलेंडरच ठरलेलं. उन्हाळ्यात खोल्या मोकळ्या, ऑगस्ट अखेरीस विद्यार्थी परत. म्हणजे तिथे ठेवलेलं कुटुंब नेमकं शाळा उघडताना रस्त्यावर.

दुसरं, आल्याची तारीख. १४ मार्च २०२४ च्या आधी आलेले आणि नंतर आलेले, हे दोन वेगळे गट. नंतर आलेल्यांना ठरावीक केंद्रांत जास्तीत जास्त ९० दिवस मिळायचे. नोव्हेंबर २०२५ पासून नव्याने येणाऱ्यांना ३० दिवस. जुन्या गटाला अशी दिवसांची मोजणी नव्हती, त्यांची जागा करारावर टांगलेली. त्यामुळे कोणालाही सल्ला देण्याआधी पहिला प्रश्न: संरक्षणाच्या पत्रावर तारीख काय आहे?

कावळा_उवाच:
"खात्यालाच खाटा कमी करायच्या असतील" हे वाक्य फार सभ्य झालं. ऑक्टोबर २०२२ मध्ये केरी परगण्यातल्या किलार्नीच्या हॉटेलातून बायका-मुलांना मेयो परगण्यातल्या वेस्टपोर्टला हलवायचा हुकूम निघाला तो युक्रेनी नसलेल्या आश्रयार्थी पुरुषांना तीच इमारत द्यायची म्हणून. मुलं किलार्नीच्या शाळेत रुळलेली, आया तिथेच कामाला लागलेल्या. गावकऱ्यांनीच ओरड केली, मग केरीतच सोय शोधावी लागली. नकाशावर खाटा मोजणाऱ्याला खाट म्हणजे खाट. तिच्या चार पायांना शाळा, डॉक्टर, नोकरी आणि बस बांधलेली असते हे त्याच्या तक्त्यात कुठल्याच रकान्यात नाही.

आडगावचा:
कावळेबुवा, चार पाय बरोबर सांगितलेत. पण ते सोडवायचा क्रम असतो आणि तोच लोक चुकतात. नोटीस आली की बहुतेक जण आधी बॅगा भरतात. बॅगा सगळ्यात शेवटी.

पहिल्या दिवशी: नव्या जागेचा पूर्ण पत्ता आणि एअरकोड लेखी मिळवा. फक्त गावाचं नाव सांगितलं असेल तर पुन्हा विचारा. एअरकोड हा सात अक्षर-अंकांचा, दर घराला वेगळा. तो असल्याशिवाय पुढचं काहीच हलत नाही. घरात व्हीलचेअर, डायलिसिस, गरोदरपण, दहावी-बारावीच्या तोडीची परीक्षा असं काही असेल तर त्याच दिवशी खात्याला ईमेल, सोबत डॉक्टरचं किंवा शाळेचं पत्र. तोंडी सांगितलेलं कुठेही नोंदलं जात नाही. आणि पत्र 'विनंती आहे' असं मोघम नको. "दर सोमवार-बुधवार-शुक्रवार अमुक रुग्णालयात उपचार, प्रवास इतक्या मिनिटांपेक्षा जास्त चालणार नाही" असं हवं.

दुसऱ्या दिवशी शाळा. आयर्लंडमध्ये प्रवेशाची एकच केंद्रीय रांग नाही, प्रत्येक शाळा आपापला निर्णय घेते. म्हणून नव्या भागातल्या चार-पाच शाळांना एकदम लिहायचं, एकीच्या उत्तराची वाट बघत बसायचं नाही. शिक्षण मंडळांच्या आधाराने १६ प्रादेशिक पथकं नेमलेली आहेत, त्यांना 'रिअल्ट' म्हणतात. जागा कुठे आहे हे त्यांना माहीत असतं. मुलाचा पीपीएस नंबर (सरकारी कामांसाठीचा ओळख क्रमांक), जन्मदाखला, जुन्या शाळेचा शेवटचा अहवाल, एवढे कागद एका फाइलीत. जुन्या शाळेला सांगून ऑनलाइन पटावरून नाव मोकळं करून घ्या, नाहीतर नवी शाळा मुलाला पटावर घेऊ शकत नाही आणि त्याच्या इंग्रजीच्या जादा तासांचा हिशेबही अडतो.

लीव्हिंग सर्टिफिकेटचं, म्हणजे इथल्या शालान्त परीक्षेचं, मूल असेल तर सगळ्यात जपून. नव्या शाळेत तेच ऐच्छिक विषय असतीलच असं नाही. त्यात प्रकल्पाचं काम शिक्षकाच्या देखरेखीखाली झालंय असं शिक्षकाने प्रमाणित करावं लागतं. अर्धं काम एका शाळेत आणि अर्धं दुसरीत झालं तर सही कोणी करायची यावर गाडी अडते. जुन्या शिक्षकाकडून तोवर झालेल्या कामाची लेखी नोंद निघण्याआधी घ्या.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर. मेडिकल कार्ड देशभर चालतं, पण जीपी, म्हणजे नेहमीचा फॅमिली डॉक्टर, बदलावा लागतो आणि गावाकडे बहुतेक जीपींच्या याद्या भरलेल्या. तीन जीपींनी नाही म्हटलं की आरोग्य सेवेकडे अर्ज करता येतो, ते एक जीपी नेमून देतात. म्हणून नकार लेखी घ्या, ईमेलची एक ओळसुद्धा पुरते. रोजच्या गोळ्या असतील तर निघण्याआधी पुढच्या महिन्याची चिठ्ठी लिहून घ्या. नवा जीपी मिळेपर्यंतची फट तेवढ्याने भरते.

चौथं, इंट्रिओ, म्हणजे समाजकल्याण खात्याच्या स्थानिक, कार्यालयात पत्ता बदला. आठवड्याचा भत्ता पोस्टातून घेत असाल तर पोस्ट ऑफिसही बदलायला सांगा. नाहीतर माणूस डोनेगॉलला आणि पैसे क्लेअरच्या पोस्टात. इमिग्रेशनला नवा पत्ता वेगळा कळवायचा, ही दोन खाती एकमेकांना सांगत नाहीत.

मग बॅगा. प्रत्येक बॅगेवर नाव आणि नवा एअरकोड. मूळ कागद, औषधं, चार्जर आणि दोन दिवसांचे कपडे हातातल्या पिशवीत, बसच्या पोटात नाही.

शेवंता:
आडगावचे, नोकरी राहिली. आणि बस. नव्या जागेजवळ 'लोकल लिंक'ची, म्हणजे खेड्यापाड्यांतल्या बससेवेची, गाडी दिवसात किती वेळा आणि कितीला, हे पत्ता कळताच बघायचं. हॉटेलात साफसफाईची पाळी सकाळी सातला सुरू होते आणि पहिली गाडी नऊची असेल तर नोकरी गेली. शाळेच्या बसचं तसंच: मुदतीनंतर केलेल्या अर्जाला गाडीत जागा उरली तरच तिकीट.

आता तिसऱ्या प्रश्नाचा हिशेब, कारण त्यावर सगळ्यात जास्त गैरसमज आहेत.

जिथे जेवण, वीज, पाणी सरकार देतं अशा जागेत राहणाऱ्याला आठवड्याला प्रौढामागे ३८.८० युरो आणि मुलामागे २९.८० युरो. १४ मार्च २०२४ नंतर आलेल्यांना पहिल्यापासूनच, आधीच्यांना ९ सप्टेंबर २०२४ पासून. त्याआधी प्रौढाला बेकारभत्त्याच्या दराने २३२ मिळायचे. सरकारी जागा सोडली की नेहमीच्या भत्त्यांसाठी अर्ज करता येतो. अंदाजासाठी, आई आणि बारा वर्षांखालची दोन मुलं धरा, कमाई शून्य. हॉटेलात आठवड्याला ९८.४०. बाहेर २०२५ च्या दराने बेकारभत्ता २४४ अधिक मुलांचे प्रत्येकी ५०, म्हणजे ३४४. फरक २४५.६०, महिन्याला साधारण १,०६४.

हा आकडा बघून लोक म्हणतात, बाहेर पडलेलंच बरं. पण त्या १,०६४ मधून आता जेवण, वीज, गॅस, सगळं भागवायचंय. आणि देशभरातलं नव्या करारांचं सरासरी भाडं २०२४ मध्येच महिन्याला १,६०० च्या वर गेलं होतं. म्हणजे भत्त्याच्या जोरावर उघड्या बाजारात घर घेणं बसतच नाही. बसतं ते दोन वाटांनी: आपल्या घरी ठेवून घेणाऱ्या यजमानाकडे, नाहीतर रेंट सप्लिमेंट.

कॉर्ककर:
इथे एक फरक नोंदवून ठेवा. घरभाड्याची नेहमीची नगरपालिकेची मदत, म्हणजे 'हॅप', तात्पुरत्या संरक्षणावरच्यांना नाही. सामाजिक घरांच्या यादीतही नाव जात नाही. रेंट सप्लिमेंट ही वेगळी योजना, समाजकल्याण खात्याची. तिचे दोन सापळे. एक, आठवड्याला ३० तास किंवा जास्त काम करणाऱ्याला ती मिळत नाही, म्हणजे पूर्णवेळ नोकरी लागली की आधारच जातो. दोन, भाड्याला वरची मर्यादा असते. डब्लिनमध्ये एक मूल असलेल्या कुटुंबाला मूळ मर्यादा १,२५० युरो. तेवढ्यात काय मिळतं ते डब्लिनकरांना सांगायला नको.

अनामत मात्र आता आवाक्यात आहे. ऑगस्ट २०२१ पासून घरमालकाला एका महिन्याचं आगाऊ भाडं आणि एका महिन्याची अनामत, यापेक्षा जास्त मागता येत नाही. ती भरायला समाजकल्याणच्या स्थानिक अधिकाऱ्याकडे 'ॲडिशनल नीड्स पेमेंट'चा अर्ज करता येतो. फक्त आधी अर्ज, मग पैसे भरायचे. आधी भरून पावती दाखवली तर "गरज भागली की" असं उत्तर येऊ शकतं.

टोपण:
यजमानांच्या बाजूने लिहितो, कारण इथले निम्मे वाचक त्या बाजूचे असणार.

'अकोमोडेशन रेकग्निशन पेमेंट', म्हणजे युक्रेनी पाहुण्यांना जागा देणाऱ्याला सरकारकडून मिळणारी रक्कम, जुलै २०२२ पासून. आधी महिन्याला ४००, डिसेंबर २०२२ पासून ८००, आणि १ जून २०२५ पासून ६०० युरो. ही रक्कम घरामागे आहे, माणसामागे नाही. एका घरात दोन कुटुंबं ठेवली तरी एकदाच. प्राप्तिकर नाही. जागा किमान सहा महिन्यांसाठी द्यायची तयारी हवी.

अर्ज मायवेल्फेअर या समाजकल्याण खात्याच्या साइटवर. तुमचा पीपीएस नंबर, घराचा एअरकोड, विजेच्या मीटरचा एमपीआरएन आणि राहणाऱ्यांचे पीपीएस नंबर हाताशी ठेवा. एमपीआरएन म्हणजे वीजबिलावरचा ११ आकडी नंबर. खाते क्रमांक वेगळा, आणि लोक हमखास तोच टाकतात.

एकाच छपराखाली राहणार असाल आणि येणाऱ्यांत मुलं किंवा दुबळी माणसं असतील तर घरातल्या १६ वर्षांवरच्या प्रत्येकाची गार्डा (पोलीस) पडताळणी करून घ्यावी. घरविम्याच्या कंपनीला आधी ईमेलने कळवा. हप्ता वाढेलच असं नाही, पण न कळवता पाइप फुटला तर दावा अडेल.

कायद्याने हे भाडेकरार धरलं जात नाही. २०२२ च्या कायद्यात तसं स्पष्ट आहे. भाडेकरूला मिळणारं संरक्षण पाहुण्याला नाही. म्हणून पाहुण्याच्या भल्यासाठी आणि तुमच्याही, एका पानाचा लेखी करार करा, इंग्रजीत आणि युक्रेनीत: कुठली खोली, कुठला फ्रिजचा कप्पा, वीजबिल कोण भरणार, घर सोडायचं तर दोन्ही बाजूंनी किती आठवडे आधी सांगायचं. चार आठवडे ठीक.

पाहुणे गेले की लगेच कळवा. खातं पाहुण्यांकडूनही खातरजमा करतं आणि जास्तीचे दिलेले पैसे वसूल होतात.

शेवंता:
टोपण, एक जोड. हॉटेल सोडून यजमानाकडे गेलेल्या कुटुंबाचं तिथे जमलं नाही तर जुनी खोली राखून ठेवलेली नसते. सरकारी जागेत परत घेतीलच अशी हमी नाही. तसंच नेमून दिलेली नवी जागा नाकारली तर दुसरी देतीलच असं नाही. म्हणून हो म्हणण्याआधी घर दिवसाउजेडी बघून घ्या. आंघोळीचं गरम पाणी कसं तापतं, हिवाळ्यात हीटर कोणाच्या हातात, स्वयंपाकघर किती वाजेपर्यंत. भांडणं पैशावरून कमी आणि हीटरवरून जास्त होतात.

कावळा_उवाच:
एवढा सगळा सव्यापसव्य, त्यापेक्षा घरं का नाही बांधली?

पत्रावळ:
बांधली, पण थोडी. सार्वजनिक बांधकाम खात्याने कारखान्यात बनवलेली घरं बसवली, कॉर्कच्या माहोनमध्ये २०२३ ला पहिली. घर लवकर बनतं, पण जमीन, सांडपाणी आणि वीजजोडणीला वेळ लागतो तो लागतोच. दरम्यान लीश परगण्यातल्या स्ट्रॅडबलीला, जिथे संगीत महोत्सव भरतो, त्या माळावर तंबू ठोकावे लागले.

या बाबतीत स्कॉटलंडकडे बघण्यासारखं आहे. तिथे सरकार स्वतःच हमीदार झालं, म्हणजे यजमान न शोधताही येता येत होतं. इतके आले की जुलै २०२२ मध्ये नवे अर्ज थांबवावे लागले. मग दोन प्रवासी जहाजं भाड्याने घेतली: लीथच्या बंदरात 'व्हिक्टोरिया', ग्लासगोला 'ॲम्बिशन'. ग्लासगोचं मार्च २०२३ मध्ये रिकामं झालं, लीथचं जुलैमध्ये. केबिन लहान, काहींना खिडकी नाही, स्वयंपाक नाही. तरी उतरायला लोक तयार नव्हते, कारण एडिनबराला नोकरी लागलेली आणि देऊ केलेलं घर भलत्याच गावी. किलार्नीचीच गोष्ट, फक्त पाण्यावर.

त्यांनी बरोबर केलं ते असं: ५ कोटी पौंडांचा निधी काढून नगरपालिकांची वर्षानुवर्षं रिकामी पडलेली घरं दुरुस्त केली, उत्तर लॅनर्कशर, ॲबर्डीन वगैरे ठिकाणी. भिंती, जमीन आणि नळजोडणी आधीपासून असते, त्यामुळे नव्या बांधकामापेक्षा लवकर हाताशी येतात.

कॉर्ककर:
आणि पोलंडने तिसराच मार्ग धरला, हळूहळू भाडं लावायचा. १ मार्च २०२३ पासून सामूहिक निवाऱ्यात १२० दिवसांपेक्षा जास्त राहिलं तर खर्चाचा निम्मा वाटा स्वतःचा, माणशी दिवसाला ४० झ्लॉटीच्या वर नाही. १८० दिवसांनंतर तीन-चतुर्थांश, वरची मर्यादा ६०. अपंग, निवृत्त, गरोदर, तान्ह्या मुलाची आई, तीन किंवा जास्त मुलं एकटीने सांभाळणारी, यांना सूट. चेक सरकारने फुकट मुक्काम १५० दिवसांवरून सप्टेंबर २०२४ पासून ९० वर आणला. आयर्लंडचे ३० दिवस या सगळ्यांत कडक. पोलंडमध्ये जाणाऱ्याला निदान भाषा जवळची आणि नोकरी लवकर. इथे ३० दिवसांत पीपीएस नंबर, बँक खातं आणि घर तिन्ही उरकायची.

शेवंता:
अवांतर, पण अगदीच नाही. कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत १९४३ ते १९४८ सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. सोव्हिएत फौजांनी पूर्व पोलंडमधून सैबेरियाकडे हाकललेले, इराणमार्गे आलेले. तो पूर्व पोलंड म्हणजे आजच्या नकाशावर बराचसा पश्चिम युक्रेन, ल्विव्हसकट. जामनगरजवळची बालाचडीची मुलांची छावणी १९४६ ला बंद झाली तेव्हा तिथली मुलंही वळिवड्यालाच आणली. तिथे शाळा, चर्च, दवाखाना, दुकानं छावणीच्या आतच होती. एक छावणी मिटून दुसरीत गेलेल्या पोराला शाळा दाराशी मिळत होती. हॉटेलांना ते जमत नाही. पोलिश लोक गेल्यावर त्याच बराकींत फाळणीचे सिंधी निर्वासित आले, आणि आज तिथे गांधीनगरची कापडपेठ आहे.

कावळा_उवाच:
म्हणजे लग्नाचा बस्ता बांधायला आपण जातो ती पोलिश छावणी! हे माहीत नव्हतं. नोंद घेतली.

लिफीकाठ:
शेवंताताई, अवांतर कसलं, हे तर मूळ धाग्यातच हवं होतं. दोन सुटे प्रश्न राहिले. पाळीव प्राणी? आणि घराच्या जाहिरातींतली फसवणूक?

आडगावचा:
प्राणी: नव्या जागेत घेतीलच असं नाही, बहुतेक ठिकाणी नाहीच. मायक्रोचिपचा नंबर आणि रेबीज लशीचा कागद आधी काढून ठेवा, आणि नोटीस आल्याच्या दिवशीच्या त्याच ईमेलमध्ये प्राण्याचाही उल्लेख करा. बस दारात उभी असताना मांजर पुढे करू नका. तात्पुरतं सांभाळणारं घर आधी शोधलेलं असेल तर निभावतं.

कॉर्ककर:
फसवणूक: घर न बघता पैसे नाहीत, चावी हातात येण्याआधी नाहीत, आणि रोख नाहीत. "मी परदेशात आहे, अनामत पाठवा, चावी कुरिअरने येईल" असा मेसेज आला की तिथेच थांबायचं. फोटो गूगलवर उलट शोधून बघायचे, तेच फोटो दुसऱ्या शहरातल्या जाहिरातीत सापडतात. भाड्याच्या घरांची नोंदवही निवासी भाडेकरार मंडळाच्या साइटवर असते. त्यात पत्ता नसला म्हणजे फसवणूकच असं नाही, पण मालकाला विचारायला कारण मिळतं. बँक ट्रान्सफर करताना खातेदाराचं नाव आणि करारावरचं नाव ताडून बघा. पावतीवर रक्कम, तारीख, एअरकोड, आणि 'अनामत' हा शब्द. नुसतं 'मिळाले' लिहिलेलं असेल तर वाद झाल्यावर ते भाडं होतं की अनामत, हे सिद्ध करत बसावं लागतं.